दहामिनिटे साहेबांचं रक्त

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता यंत्राने साहेबांच्या रक्ताचा आकडा छापला. ताईने तो तीनदा वाचला. मग तिने स्टूल ओढलं, चष्मा उतरवून एप्रनच्या टोकाने पुसला, परत लावला, चौथ्यांदा वाचला आणि मनाशी म्हणाली, "आलास एकदाचा."

दहामिनिटे हे काही साहेबांचं आडनाव नव्हतं. ते प्रयोगशाळेतल्या पोरींनी त्यांना बहाल केलं होतं, अर्थात पाठीमागे. साहेबांनी रक्ताची एक तपासणी शोधून काढली होती. पूर्वी तिला अर्धा दिवस लागायचा, साहेबांच्या यंत्रात ती दहा मिनिटांत व्हायची. बाई गरोदर राहिली की तिच्या रक्तात एक द्रव्य वाढतं, ते हे यंत्र पकडायचं. दिवस गेलेले नसताना तेच द्रव्य सापडलं, तर पोटात कुठेतरी वाईट गाठ धरते आहे असं समजायचं. पुरुषाच्या रक्तात सापडलं तर विचारायलाच नको, गाठच. साहेब भाषणाला उभे राहिले की पहिल्या वाक्यात 'दहा मिनिटं' यायची, शेवटच्या वाक्यात यायची, आणि मधल्या वाक्यांतही जिथे फट मिळेल तिथे शिरायची. एकदा एका मयताच्या शोकसभेतही आली होती.

ताई या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं होती. तिला सगळे ताईच म्हणत, साहेबसुद्धा. पण जिची ती खरी ताई होती, ती खालच्या मजल्यावर नमुने घेण्याच्या खिडकीत बसायची. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. नोकरीसुद्धा ताईनेच शब्द टाकून लावून दिली होती, आणि हीच गोष्ट ताईला खात होती. कारण ती पहिली नोकरी खिडकीतली नव्हती. ती मागच्या इमारतीत, उंदरांच्या खोलीत होती.

यंत्राला उंदीर लागायचे. यंत्रातल्या पट्टीवर उंदरांपासून मिळवलेली दोन प्रकारची प्रतिपिंडं बसवलेली असत. ते द्रव्य रक्तात असलं, की एक प्रतिपिंड त्याला खालून धरायचं, दुसरं वरून. दोघांची अशी गाठ पडली की यंत्र आकडा छापायचं. मोठं हुशारीचं काम होतं, यात वाद नाही. फक्त एक भानगड होती. जो माणूस वर्षानुवर्षं उंदरांत वावरतो, त्यांचे चावे खातो, त्यांच्या पिंजऱ्यातली धूळ छातीत भरून घेतो, त्याचं शरीर उंदराशी वैर धरतं आणि उंदराविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. असं रक्त पट्टीवर पडलं, की ही वैरी मंडळी मध्ये द्रव्य नसतानाच खालच्याला आणि वरच्याला जोडून मोकळी होतात. यंत्र म्हणतं, सापडलं!

यावर उपायही सोपा होता. रक्तात आधी थोडं उंदराचं सीरम मिसळायचं आणि अर्धा तास ठेवून द्यायचं. रक्तातलं सगळं वैर त्या सीरमवर खर्ची पडतं, आणि मग पट्टीवर खरं काय ते दिसतं. पण अर्धा तास! दहा मिनिटांच्या यंत्राने अर्धा तास आणायचा कुठून?

हे सगळं ताईला आता माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी धाकटीची पाळी चुकली, आणि ताईने आपल्या हाताने तिचं रक्त काढून आपल्या हाताने यंत्रात घातलं. आकडा आला तेव्हा ताई जिन्यावरून धावत खाली गेली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, वाट बघून बघून सगळ्यांचे डोळे शिणले होते. धाकटीच्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी पाळणा कुठे टांगायचा म्हणून छताला खडूने खूण करून ठेवली. दहा दिवसांनी सोनोग्राफीत पोट रिकामं दिसलं. पुन्हा रक्त, पुन्हा तोच आकडा. मग सर्जनने साहेबांची माहितीपुस्तिका उघडली. तिच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं : चित्रात दिसण्याआधी यंत्राला दिसतं. सर्जन म्हणाला, उशीर नको. गर्भाशय काढलं. काढलेलं गर्भाशय तपासणीला गेलं आणि अहवाल आला : गाठ नाही, काही नाही, निरोगी.

ताई तो अहवाल घेऊन साहेबांपुढे उभी राहिली होती. साहेबांनी तो वाचला आणि चक्क हसले. "मग आनंद माना की, ताई! गाठ नव्हती तर नव्हती. यंत्राने सावध केलं. यंत्राचं काय चुकलं?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने अहवाल उचलला आणि ती कामाला लागली. धाकटीच्या रक्ताची उरलेली ट्यूब फ्रीझरमध्ये होती. पोरी घरी गेल्या की ताई तासभर मागे थांबायची आणि त्या ट्यूबमधले थेंब कंजुषाच्या हाताने वापरत एकेक गोष्ट करून बघायची. रक्त पातळ केलं, तर आकडा त्या मानाने उतरायला हवा होता. उतरला नाही. तिथून तिला वास लागला. उंदराचं सीरम किती घालायचं, किती वेळ ठेवायचं, हे प्रमाण जुळायला तिला चौदा महिने लागले. जुळलं त्या दिवशी यंत्राने धाकटीच्या रक्तापुढे शून्य छापलं. त्या शून्याकडे बघून ताईला ओरडावंसं वाटलं.

तो कागदही तिने साहेबांना दाखवला होता. साहेबांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. "एका नमुन्याने शास्त्र होत नाही, ताई. दुसरा आणा, मग बघू."

त्या दिवसापासून ताई दुसऱ्या नमुन्याची वाट बघत होती, आणि तो कोणाचा असणार हेही तिला ठाऊक होतं. साहेबांच्या उजव्या अंगठ्यावर उंदराच्या चाव्याचा पांढरा वण होता. पाहुणे आले की साहेब तो दाखवायचे. तरुणपणी बारा वर्षं मी स्वतः उंदरांच्या खोलीत काढली, त्यांची पिल्लं या हातांनी वाढवली, असं सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. साहेबांचा आवाज वेळेवर भरून यायचा, हा त्यांचा दुसरा शोध.

या वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं की संस्थेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची आपल्या यंत्रावर तपासणी करावी आणि तसं वर्तमानपत्रात द्यावं. परिपत्रक निघालं. 'अपवाद नाही' हे शब्द साहेबांनी स्वतः अधोरेखित केले. माणूस किती वर्षं उंदरांपासून लांब राहिला म्हणजे अंगातलं वैर विरतं, याचा काही नेम नसतो. साहेबांना वाटलं असेल, पंधरा वर्षं झाली, विरलं. किंवा त्यांना काही वाटलंच नसेल. यंत्राने कोणाचं काय होतं हा विचार करायची सवय असावी लागते, आणि ती त्यांना नव्हती.

तर तो आकडा. ताईने आधी शांतपणे उरलेल्या रक्तात सीरम मिसळलं, अर्धा तास घड्याळाकडे बघत बसली, आणि परत यंत्र चालवलं. शून्य. म्हणजे माणूस ठणठणीत होता. तिच्या हातात आता दोन कागद होते. दोन्ही पाठवायला पाहिजे होते, हे तिला सांगायला कोणी नको होतं. तिने आकड्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पाठवला, आणि शून्याचा चार घड्या घालून एप्रनच्या आतल्या खिशात ठेवला.

साहेब स्वतः खाली आले. चेहरा चुन्यासारखा झाला होता. "पुन्हा चालवा," म्हणाले. ताईने त्यांच्यादेखत पुन्हा चालवलं. दहा मिनिटांनी तोच आकडा.

"यंत्र नीट आहे ना?"

"यंत्राचं काय चुकलं, साहेब?" ताई म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. आपलेच शब्द त्यांना आठवत नव्हते. ते आठवायला आधी कोणाला तरी बोललो होतो हे लक्षात राहावं लागतं.

सर्जन तोच होता. सोनोग्राफीत काही दिसलं नाही. सर्जनने माहितीपुस्तिकेचं तिसरं पान उघडलं आणि अदबीने साहेबांकडे सरकवलं. पुरुषात ही गाठ कुठे असते आणि काढायचं म्हणजे काय काढायचं, हे त्याने दार लोटून घेऊन सांगितलं. दार पातळ होतं. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की कुठल्या बाजूला आहे ते नक्की नसल्यामुळे दोन्ही काढणार आहेत, पुढच्या शुक्रवारी. पोरी तोंडावर रुमाल धरून पळाल्या. धाकटी मात्र त्या दिवशी घरी तीन वर्षांत पहिल्यांदा दोनदा वाढून घेऊन जेवली. तिला वाटत होतं, साहेबांना खरोखरच गाठ आहे. ताईने तिला वाटू दिलं.

दहा दिवस होते. साहेबांनी एका नोकराच्या नावाने आपलं रक्त शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे त्यांचंच यंत्र होतं. तिसरीकडे पाठवलं, तिथेही त्यांचंच. जुन्या पद्धतीने अर्धा दिवस घालून तपासणारी एक प्रयोगशाळा पलीकडच्या रस्त्याला होती, ती त्यांच्या यंत्रामुळेच दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. साहेबांनी बाजारात दुसरं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. ताई हे सगळं ऐकत होती आणि डबा चाटून पुसून खात होती. ऑपरेशनच्या यादीत साहेबांचं नाव लागलं तेव्हा ती मुद्दाम दोन जिने चढून ते वाचून आली.

पण बुधवार उजाडला आणि तिला डबा जाईना. तिला त्याने कापून घ्यायला नको होतं, अगदी खरं सांगायचं तर. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. माझं यंत्र उंदरांतल्या माणसांबद्दल खोटं बोलतं, एवढं एक वाक्य. पण तो आलाच नाही तर? मान खाली घालून टेबलावर जाऊन झोपला तर? 'जाऊ दे झोपला तर,' असं एक मन म्हणायचं. दुसरं मन नुसतं खिशातल्या कागदावर हात नेऊन ठेवायचं. ताईने त्या हाताला दोनदा दरडावून बाहेर काढलं.

गुरुवारी दुपारी साडेबाराला साहेब आले. पोरी जेवायला गेल्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, एक काम होतं. आपल्या दोघांतच राहू दे." त्यांनी ओठ पुसले. "माझ्या नमुन्यात उंदराचं सीरम घालून एकदा बघता? वीस मायक्रोलिटर. सदतीस अंशावर अर्धा तास. त्याहून कमी घालू नका, पुरत नाही."

ताई ट्यूबा लावत होती, ती तशीच थांबली. वीस मायक्रोलिटर. सदतीस अंश. अर्धा तास. यासाठी तिने चौदा महिने घातले होते, बहिणीच्या रक्ताचा शेवटचा थेंब घातला होता. साहेबांना तोंडपाठ होतं, आणि तिने दाखवलेल्या कागदावर तर नुसतं शून्य होतं. पुरत नाही हेसुद्धा माहीत होतं, म्हणजे कमी घालून बघितलं होतं. तेव्हा त्याला माहीत नव्हतं, असं मानून ती तीन वर्षं त्याला मूर्ख म्हणत होती. तो मूर्ख नव्हता. ताईला वाटलं, हातातली ट्यूब त्याच्या तोंडावर फोडावी.

"करते," ती म्हणाली. "खाली खिडकीवर फॉर्म भरून द्या."

"अहो, फॉर्म कसला? मी समोर उभा आहे."

"फेरतपासणी फॉर्मशिवाय होत नाही. नियमावर तुमची सही आहे. आणि दीड वाजता खिडकी बंद होते, साहेब. ऑपरेशन उद्या आहे ना?"

साहेब गेले. ताई मागच्या जिन्याने उतरली आणि खिडकीच्या आत, फायलींच्या कपाटापाशी उभी राहिली. धाकटीने मान वर करून पाहिलं. ताईने डोळ्यांनीच सांगितलं, तू आपलं काम कर.

रांगेत सहा-सात माणसं होती. साहेबांनी पुढे घुसायचा प्रयत्न केला, तर हाताला प्लास्टर घातलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना दुसऱ्या हाताने मागे सारलं. नंबर आला तेव्हा साहेबांना घाम फुटला होता. धाकटीने फॉर्म घेतला, वाचला आणि परत सरकवला.

"कारण लिहिलेलं नाही."

"लिहिलंय की. फेरतपासणी."

"ते वर छापलेलंच आहे. कशासाठी फेरतपासणी?"

साहेबांनी लिहिलं : पूर्वी उंदीर हाताळले आहेत. धाकटीने ते वाचलं. तिची बोटं फॉर्मवर तशीच राहिली. गाठीची बातमी तिला माहीत होती. उंदरांचं आणि अर्ध्या तासाचं ताईने तिला मागेच सांगितलं होतं, पण साहेबांचंही तेच आहे हे तिला आता कळत होतं.

"उंदीर हाताळले तर काय होतं?" ती म्हणाली. "तपासणाऱ्याला कळायला नको?"

"रिपोर्ट... चुकीचा येऊ शकतो."

"येऊ शकतो का येतो?"

"येतो."

"तसं लिहा."

मागून म्हातारा ओरडला, "अहो लिहा की पटकन! आम्ही काय इथे हवा खायला आलोय?" साहेबांनी लिहिलं. धाकटीने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'कधीपासून' असा तो रकाना होता.

"यात काय लिहायचं? उंदरांचं काम सोडून पंधरा वर्षं झाली."

"उंदीर नाही विचारले. रिपोर्ट चुकीचा येतो हे कधीपासून माहीत आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"रकाना रिकामा राहिला तर फॉर्म वर जात नाही, साहेब. सव्वा वाजलाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग घाईघाईने, फटकन, एक साल लिहिलं आणि सही ठोकली. ताईला कपाटापासून तो आकडा दिसत नव्हता, पण धाकटीची मान हळूहळू वर आली ती दिसली. ते साल यंत्र बाजारात येण्याच्या आदल्या वर्षाचं होतं. तिच्या ऑपरेशनच्या दोन वर्षं आधीचं.

धाकटीने फॉर्मवर शिक्का मारला. खाली दोन कार्बनप्रती होत्या, त्यांच्यावरही मारला. "एक प्रयोगशाळेला, एक सर्जनला, एक संचालक मंडळाला," ती म्हणाली. "मला ओळखलंत का?"

साहेबांनी डोळे बारीक केले. "तुम्ही... खिडकीवर असता."

"सहा वर्षं तुमच्याच उंदरांना खायला घालत होते. कुठली उंदरीण व्यायली, किती पिल्लं झाली, ते मोजून वहीत लिहायचं काम माझं होतं. तुमच्या यंत्राने माझं गर्भाशय काढायला लावलं. मग ते पिल्लं मोजायचं काम मला जमेना, म्हणून इथे बसते." तिचा आवाज चढलाच नाही. "तेव्हा हा अर्धा तास मला का नाही दिलात?"

साहेबांच्या मागे एक तरुण बाई उभी होती, तिच्या हातातही फॉर्म होता. तिने तो उलटा सुलटा करून पाहिला. "दहा मिनिटांचीच करायला आलेय मी," ती म्हणाली. "अहो साहेब, माझीही खोटी येईल का?" म्हातारा म्हणाला, "माझ्या सुनेची इथेच केली होती." आणि मग सगळेच बोलायला लागले, आणि सगळे साहेबांशीच. साहेब भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना दहा मिनिटांबद्दल स्वतःहून विचारत होतं.

धाकटी उठून आत आली. तिने फॉर्म ताईपुढे धरला. "घे. किती वेळ लागेल तुला?"

"झालंय," ताई म्हणाली, आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढून तिच्या हातात दिला.

धाकटीने घड्या उलगडल्या. शून्य बघितलं. मग वरची तारीख बघितली आणि तिथेच थांबली. बाहेरचा गलका आतपर्यंत येत होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं. खिडकीवर विचारलं होतं तसंच, त्याच आवाजात.

जिच्या वेण्या घातल्या त्या पोरीपुढे ताईला मान वर करवेना. "मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून."

"आणि तो उद्या टेबलावर जाणार होता."

"हो."

"आला नसता तर?"

"माहीत नाही गं," ताई म्हणाली. हे मात्र खरं होतं. "दहा दिवस तोच विचार करत होते. मला खरंच माहीत नाही."

धाकटीने कागदाची पुन्हा घडी घातली. ताई वाट बघत होती. आता ती म्हणेल, तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय.

"दहा दिवस," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि दात ओठावर घट्ट होते. "दहा दिवस तो खोटा मरत होता, आणि मला वाटत होतं खरी गाठ आहे, म्हणून मी रोज निजताना देवाला म्हणत होते, माफ कर, मला याचा आनंद होतोय. लाज वाटत होती मला, ताई! मला का नाही सांगितलंस? सगळं एकटीनेच चाखलंस?"